एक फेरा, तीन भोकं

मशीनवरचा गिअर तुम्ही अर्धा ठेवून गेलात. सदतीस दात्यांचा गिअर. बावीस खाचा कापून झाल्या, पंधरा राहिल्या. घरात माणसं भरली होती, कोणी गळ्यात पडत होतं, कोणी पाणी पाजत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच होतं की बाविसाव्या खाचेला भोकं तीन होती की चार. मी तीन म्हटलं होतं. तुम्ही चार म्हणालात. त्यावर मी तुम्हाला जे बोलले ते तुम्ही ऐकून गेलात. आता ते मागे घ्यायचं तर घेऊ कोणासमोर?

हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळायचं नाही, म्हणून आधीपासून लिहिते.

तुम्हाला रिटायर होऊन चार महिने झाले होते. जेवायला बसलात आणि म्हणालात, "आज बघून आलो."

"कोनाला?"

"मशीन. तळोज्याला एक कारखाना बंद पडलाय, तिथं कोपऱ्यात उभी हाय. मिलिंग. पंचवीस वर्षं चाललेली."

"चाललेली म्हंजे झिजलेली."

"झिजलेलीच. म्हणून तर आपल्याला भेटतेय."

दुसऱ्या दिवशी मला दाखवायला नेलंत. मला त्यातलं काय कळणार होतं? मी पाहिलं की तुम्ही तिचं हँडल धरून पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलात. हँडल हलायचं आणि टेबल जागचं सरकायचं नाही. जवळजवळ पाव फेरा फुकट जायचा. मी म्हटलं, ही तर हलत्या दातासारखी ढिली आहे. विकणाऱ्याचं तोंड पडलं. तुम्ही हँडल फिरवतच राहिलात. परत येताना रिक्षात मात्र खुशीत होतात. "हिची खोड मला कळली," म्हणालात. "जास्त पुढं गेली की नुसतं मागं आणायचं नाय. अर्धा फेरा मागं जायचं आन परत पुढून यायचं. बस, एवढंच." मला वाटलं, माणूस चाळीस वर्षं टूलरूममध्ये राहून वाया गेला.

विचुंब्याच्या आपल्या गल्लीत क्रेन वळलीच नाही. वाडीवरची चार माणसं बोलावलीत, खाली पाइप टाकून ती मशीन घरंगळत आणली. ओटीच्या सात लाद्या फुटल्या. नणंद बघायला आली होती, ती म्हणाली, "वयनी, ह्या वयात सवत आली गो तुझ्या घरात." मी म्हटलं, "येऊ दे. भांडी तरी घासंल." मागच्या पडवीत माझी लाकडं आणि सुकटीचे डबे असायचे, ते सगळं उचलून तुम्ही मशीनला जागा केलीत. वर्षभर तुमच्या तेलाला सुकटीचा वास येत होता आणि माझ्या सुकटीला तेलाचा. त्यावरून आपण किती भांडलो ते काढत नाही.

पण काम यायला लागलं. पिठाच्या गिरणीवाला, पंपवाला, भातगिरणीचा मालक. सगळ्यांचं एकच रडगाणं, की मोठे कारखाने एक नग करून देत नाहीत. तुम्ही म्हणायचात, एक नग मी करतो. दुपारभर पडवीत घर्र घर्र आवाज आणि संध्याकाळी तुमच्या सदऱ्यावर लोखंडाचा कीस. सात वर्षं मी पडवीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. चहा उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची.

मग साखरेने तुमचे डोळे नेले. डावा पूर्ण, उजव्याने धुकं दिसायचं. जिलबीचं मी नेहमी सांगत होते, पण तेही आता काढत नाही. तुम्ही गिऱ्हाइकांना काही कळू दिलं नाहीत. हँडल हाताला माहीत होतं, कापण्याचा आवाज कानाला माहीत होता. अडलं ते फक्त गिअरपाशी.

गिअर कापायचा म्हणजे लोखंडाचा गोळा मशीनवरच्या एका डोक्यात आवळायचा. त्याच्या बाजूला ताटलीएवढी तबकडी, तिच्यावर भोकांची गोल रिंगणं. एका दांड्याला पिन असते, ती भोकात बसते. एक खाच कापली की पिन ओढायची, दांडा ठरलेले फेरे आणि ठरलेली भोकं पुढे फिरवायचा, पिन बसवायची, पुढची खाच कापायची. भोकं मोजावी लागू नयेत म्हणून तिथे कैचीसारखे दोन हात असतात म्हणे. आपली जुनी मशीन, तिचे ते हात कारखान्यातच कुठे हरवलेले. तेव्हा भोकं डोळ्यांनी मोजायची. आणि भोकं तिळाएवढी.

एका दुपारी तुम्ही हाक मारलीत. "अगं, तुला पाढे किती येतात?"

"तीसपर्यंत. चौथीत घेतले होते मास्तरांनी."

"आन भोकं दिसतात?"

"मना सुई ओवता येते अजून."

"मग ये आत."

असा मी उंबरा ओलांडला. माझ्या हातात गोधडी शिवायचा दाभण. पिन असेल तिथून मोजून पुढच्या भोकात दाभण खुपसायचा. तुम्ही दांडा फिरवत आणलात की दाभणाला टेकायचा, मी दाभण काढायची, पिन खट् करून बसायची. पहिला गिअर मी फुकट घालवला. पिन उभी आहे त्या भोकापासूनच एक म्हणत होते, म्हणून दर खाचेला एक भोक कमी पडत गेलं आणि शेवटचा दाता भाकरीच्या काठासारखा जाडजूड राहिला. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तुम्ही त्या दात्यावरून अंगठा फिरवला आणि खोकला लागेपर्यंत हसलात.

"उभं हाय ते भोक धरायचं नाय," म्हणालात. "तिथं आपण हावच. तिथून पुढं मोजायचं."

तो गिअर अजून पडवीच्या दाराला अडसर म्हणून आहे. चार वर्षं तो तिथे, आणि चार वर्षं मी रोज दुपारी तुमच्याशेजारी स्टुलावर. तुम्ही विचारायचात "कितवी?" आणि मी सांगायची. मी सांगितलेल्या आकड्यावर लोखंड कापलं जायचं. त्याआधीच्या जन्मात मी सांगितलेल्या कशावर कोणी काही केल्याचं मला आठवत नाही. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलायचं सुचलंही नाही. काम चालू असताना असलं कोण बोलतं?

पहिल्या भोकाला खूण म्हणून मी शेजारी मेणाचा ठिपका लावायची आणि वर कुंकू, पूर्वी आम्ही कपाळाला लावायचो तसं. नुसतं कुंकू तेलात वाहून जायचं. तुम्ही म्हणालात, "सवतीला सवाष्ण केलंस." दर गिअरला जुना ठिपका खरवडायचा, नवीन लावायचा. सगळ्या खाचा झाल्या की पिन फिरून त्या कुंकवापाशी परत यायची. मग तुम्ही मशीन एकदा रिकामी चालवायचात. कटर पहिल्या खाचेतून काही न कापता, आवाज न करता गेला की मोजणी बरोबर. तेवढा वेळ आपण दोघं श्वास धरून असायचो.

हा गिअर जनार्दनचा. उरणचा जनार्दन कोळी, तुमच्याकडे तीन-चारदा येऊन गेलेला. त्याच्या होडीवर जाळं ओढायचं जुनं यंत्र आहे, दुसऱ्या एका मोडक्या होडीवरून काढून घेतलेलं. त्याच्या गिअरचे दाते गेल्या हंगामात उडाले. सदतीस दात्यांचा गिअर बाजारात मिळत नाही आणि एक नग कोणी करत नाही. "हातानं जालं वढायला खलाशी येत नाय दादा," तो म्हणत होता. "सगले मोठ्या बोटीवर जातात. पावसाळ्यातली बंदी उठंल तवा माझी होडी काय वाळूवर ठेवू?" तुम्ही त्याला शब्द दिलात. पनवेलच्या सलीमभाईंनी लेथवर गोळा कातून दिला, खाचा आपण कापायच्या. सलीमभाई तुमच्याच टूलरूमचे, तुम्हाला उस्ताद म्हणणारे.

सदतीसला हिशोब सोपा, रिंगणही सदतीस भोकांचंच. एक फेरा, तीन भोकं. दर खाचेला तेच. पहिल्या दिवशी दहा झाल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, एकवीसपर्यंत गेलो. बाविसावीला मी दाभण लावला, तुम्ही दांडा आणला, पिन बसली, आणि तुम्ही थांबलात.

"चार झाली गो."

"तीनच हायत."

"हाताला कळतंय. जरा लांब आला दांडा."

"डोळे माझे हायत का तुमचे? तीन म्हंजे तीन."

"बरं. मग कुंकवापासून मोजून बघ एकदा. किती भरतात?"

हे सांगणं काही वावगं नव्हतं. एकवीस त्रिक त्रेसष्ट, त्यातून सदतीसचा एक पूर्ण वळसा गेला, राहिली सव्वीस. कुंकवाच्या पुढून सव्वीस भोकं भरली असती तर मी खरी, सत्तावीस भरली असती तर तुम्ही. एवढंच मोजायचं होतं. पण माझे गुडघे दुखत होते, सकाळपासून बसून कंबर मोडली होती, गॅसवर वरण होतं. आणि तुम्ही माझ्या मोजण्यावर पहिल्यांदाच बोट ठेवलं होतंत. मी दाभण टेबलावर आपटला. म्हटलं, "मी नाय मोजणार. डोळे गेले तुमचे, आता डोस्कं पन गेलं." आणि आत निघून आले.

मागे बराच वेळ शांत होतं. मग मशीन चालू झाल्याचा आवाज आला. एक खाच कापण्याएवढी चालली आणि बंद झाली. तुम्ही साबणाने हात धुतलेत, जेवायला बसलात. वरणात कालवून एक घास घेतलात.

"मीठ कमी हाय."

"असू दे," मी म्हटलं.

एवढंच. सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही उठला नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात शेवटचं बोलणं काय तर मिठाचं, आणि ते मीठही मी दिलं नाही.

आपला मुलगा नितीन रोडपालीहून आला, सून आली, सगळे आले. चौथ्या दिवशी तुमचा मुलगा पडवी आवरायला गेला. मी आत बायकांमध्ये बसले होते. पाना लावल्याचा आवाज मला बरोबर ओळखता येतो. मी उठून ओरडत गेले, "हात लावू नको! त्याला हात लावू नको!" सगळं घर धावत आलं. बिचारा पाना हातात धरून उभा. "आई, फक्त तो गोळा काढून ठेवतो. मशीन विकायचीच आहे ना आता?" गोळा एकदा ढिला केला की मोजणी मोडते, मग परत ती जागा ब्रह्मदेवालाही सापडत नाही, हे तुम्ही मला शिकवलं होतंत. त्याला शिकवलं नव्हतंत. तो शिकायलाही आला नाही कधी, आणि तुम्ही बोलवलंही नाहीत. ते तुमचं तुम्ही बघा. बायका म्हणाल्या, तिला लागलंय मनाला. नणंदेने त्या दिवशी माझी कुंकवाची डबी उचलून कपाटात ठेवली. मशीनवरचं कुंकू कोणाच्या लक्षात आलं नाही.

दहाव्याचा घोळ मी घातला. तुम्ही सोमवारी गेलात. मंगळवार एक, बुधवार दोन असं मोजत मी गुरुवार काढला आणि जनार्दनला फोनवर गुरुवार सांगितला. नितीनने गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले बुधवार. मी त्यांच्याशी वाद घातला.

"आजी, गेले तो दिवस पहिला धरायचा."

"त्या दिवशी तर ते हितंच होते की. तिथून पुढं मोजायचं."

गुरुजी नितीनकडे बघायला लागले. मला तुमच्यावर राग आला, खरं सांगते. दुसरीकडे कुठे उभं भोक धरतात हे तुम्ही मला सांगून ठेवायला हवं होतं.

म्हणून बुधवारी सगळं उरकलं, पाहुणे गेले, आणि गुरुवारी जनार्दन आणि त्याची बायको चंपा दारात उभे राहिले. नदीवर जायचं म्हणून दोघं पहाटेच निघालेले. काल झालं म्हटल्यावर जनार्दन ओटीवरच बसला आणि रडला. चंपा माझ्याजवळ आली.

"वयनी, दादांचं तोंड पन नाय बघितलं आमी."

"माझी चूक. मी येक दिवस चुकले."

"दुःखात चुकतंच मानूस."

"दुःखात नाय चुकले. मोजण्यात चुकले."

चहा झाला. गिअरचं दोघांपैकी कोणीच काढलं नाही. चंपाने एकदा नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, नको म्हणून. शेवटी मीच त्यांना पडवीत नेलं. जनार्दनने त्या अर्ध्या गिअरवरून बोट फिरवलं.

"किती दिवस हायत?" मी विचारलं.

"बंदी उठायला बारा. पन तुमी ते मनात आनू नका. आमी बघू कायतरी."

"काय बघाल?"

त्याने परत गिअरवर बोट ठेवलं. चंपा म्हणाली, "काय बघनार वयनी? होडी इकायची, नी ह्यानं दुसऱ्याच्या बोटीवर जायचं. ह्याची पाठ तर वाकत नाय आता." आणि मग नवऱ्यावरच डाफरली, "बोल ना! मयताच्या घरी खोटं कशाला बोलतो?"

मी सलीमभाईंना फोन केला. ते त्याआधी भेटून गेले होते, तेव्हाही मी विचारलं होतं आणि ते नाही म्हणाले होते. "भाभी, दुसऱ्याचं अर्धं कापलेलं काम आम्ही उचलत नाही. आमच्यात तसा रिवाजच नाही. शेवटी दाते जुळले नाहीत तर चूक कोणाची म्हणायची? मेलेल्या माणसाची? तोबा." या वेळी मी म्हटलं, या तर खरं. ते आले, जनार्दनला बघितलं, गिअर बघितला, टोपी काढून डोकं खाजवलं.

"नवा गोळा कातून पहिल्यापासून करायचा तर?" मी विचारलं.

"माल आणायचा, कातायचा, मग सदतीस खाचा. उस्ताद असते तर झालं असतं. माझा हात आता सावकाश चालतो भाभी, बारा दिवसांत मी शब्द देत नाही." मग तबकडीकडे बोट केलं. "एक करा. मोजणारे तुम्ही ना? पहिल्या भोकापासून पिनपर्यंत मोजा. बरोबर भरली तर मी हँडल धरतो. नाही भरली तर हा गोळा भंगार."

म्हणजे तुम्ही जे सांगितलं होतंत तेच. अकरा दिवस ते माझ्या हातात होतं. पडवीत जाऊन दाभण घेऊन मी कधीही मोजू शकले असते. मी गेले नाही. सत्तावीस भरली असती तर मी काय करणार होते? तुम्हाला डोकं गेलं म्हणाले होते मी.

दाभण आपटला होता तिथेच पडला होता. मी स्टूल ओढलं, चष्मा पुसला. मेणाचा ठिपका शोधला आणि हात थांबला. ठिपक्यावर नखाची खूण होती. अर्धगोल, आणि मधोमध बारीक रेघ. उजव्या अंगठ्यावर कधीतरी टूलरूममध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचा, पडली होती, तेव्हापासून तुमचं नख मधे चिरलेलं. मेण मी शनिवारी सकाळी ताजं लावलं होतं. खाचा कापताना त्याला हात लावायचं तुम्हाला काही कारण नव्हतं.

"काय झालं भाभी?"

"काय नाय. मोजते."

मी मोठ्याने मोजलं. कुंकवाचं भोक धरलं नाही. एक, दोन, तीन. चंपा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. जनार्दन दुसरीकडे बघत होता. तेवीस, चोवीस, पंचवीस. सव्वीसला दाभण पिनेवर टेकला.

मी परत मोजलं. सव्वीसच.

"अल्हम्दुलिल्लाह," सलीमभाई म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

त्यांना वाटलं माझं मोजणं बरोबर निघालं. जनार्दनलाही तसंच वाटलं, तो माझ्या पाया पडायला वाकला, पाठ दुखली म्हणून अर्ध्यातच थांबला. मी कोणाला काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मी नाही म्हटलं ते काम तुम्ही केलंत. मी आत गेल्यावर तुम्ही तो ठिपका हाताने शोधलात, अंगठा त्यावर ठेवलात, आणि दुसऱ्या हाताच्या नखाने तिळाएवढी भोकं चाचपत मोजत गेलात. बराच वेळ शांत होतं म्हटलं ना, ते हेच. पण मोजल्यावर काय निघालं? सव्वीस निघाली म्हणून पिन होती तशी ठेवून खाच कापलीत? की सत्तावीस निघाली, आणि तुम्ही अर्धा फेरा मागे जाऊन एक भोक अलीकडे पिन बसवलीत? गिअर दोन्ही प्रकारे सारखाच दिसतो. मी किती आठवून बघितलं, दांडा मागे फिरल्याचा आवाज आला होता का. वरण फोडणीला टाकलं होतं मी. त्यात काय ऐकू येणार?

जेवताना तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही मीठ म्हणालात.

मग आम्ही काम केलं. सलीमभाईंचा हात काही सावकाश नाही, उलट घाई करतो. दाभण लागायच्या आधीच पिन सोडायला बघतात. तिसाव्या खाचेला भोक ओलांडून पुढे गेले आणि सरळ मागे आणायला लागले. मी त्यांच्या मनगटावर फटका मारला. "नुसतं मागं नाय! अर्धा फेरा मागं जा आन पुढून या. हिची खोड हाय ती."

ते बघतच राहिले. "उस्तादचा आवाज आला भाभी तुमच्या तोंडून."

"काम करा," मी म्हटलं.

एक फेरा, तीन भोकं. पंधरा वेळा म्हटलं. तुम्ही "कितवी?" विचारायचात, सलीमभाई विचारत नाहीत, म्हणून मीच आपली सांगत होते, चौतिसावी, पस्तिसावी. सदतिसावी झाली आणि सोळाव्यांदा दांडा फिरवला तर पिन कुंकवापाशी येऊन बसली. सलीमभाईंनी मशीन रिकामी चालवली. कटर पहिल्या खाचेत शिरला आणि बाहेर आला. काही आवाज नाही. मी श्वास धरला होता. शेजारी कोणी धरला नव्हता, त्यांना माहीत नव्हतं धरायचा असतो.

गोळा डोक्यातून काढला. जनार्दनने लहान मूल घ्यावं तसा पंच्यात गुंडाळून घेतला. जाताना चंपा म्हणाली, "वयनी, पहिल्या जाल्याचं म्हावरं तुझ्या दारात." मी म्हटलं, मला एकटीला किती लागतं? ती म्हणाली, लागंल तेवढं. बंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी बोंबील आणि कोळंबी घेऊन स्वतः आली. दोन खलाशी मिळाले, यंत्र चाललं, कुरकुरत पण नाही म्हणे. मी तिला जेवायला घातलं. कालवणात मीठ बरोबर होतं.

नितीन रोज फोन करतो. मशीनला एक भंगारवाला तयार आहे, तुकडे करून नेईल, तू इकडे ये. मी नको म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. हो म्हणायला काय जातं? मला एकटीला ती चालवता येत नाही. मला अर्धंच काम येतं, आणि ते अर्धं दुसऱ्या अर्ध्याशिवाय काही कामाचं नाही. सलीमभाईंना त्यांचा लेथ आहे. दुसऱ्या कोणाला शिकवायचं तर हँडल मला येत नाही. दुपारी तरीही पडवीत जाऊन बसते. मेणाचा ठिपका खरवडलेला नाही. चष्मा लावला की नखाची रेघ अजून दिसते. ऊन वाढलं की मेण मऊ होतं, तेव्हा मी मधे उभी राहून सावली करते. किती दिवस करणार, मला माहीत नाही.

तीन होती की चार, एवढं सांगायला हवं होतंत. चार असतील तर चार. मी ऐकून घेईन असं म्हणत नाही, तुम्ही मला ओळखता. भांडेन. पण आधी मोजून देईन.